मुंबईचा जिना आणि वार्धक्यातील स्थलांतर

मुंबईच्या गृहनिर्माणाचा इतिहास साधारणपणे भाडे, क्षेत्रफळ, दाटी आणि मालकी या अंगांनी लिहिला गेला आहे. घराच्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी किती पायऱ्या चढाव्या लागतात आणि त्या चढण्याचे बळ माणसाच्या अंगात कोणत्या वयापर्यंत टिकते, हा प्रश्न त्या इतिहासात क्वचितच विचारला गेला. वास्तविक संधिवात, दमा, मधुमेह, हृदयविकार किंवा अर्धांगवायू यांसारखा वर्षानुवर्षे सोबत राहणारा आजार जडलेल्या वृद्ध माणसाच्या दृष्टीने घराचे क्षेत्रफळ दुय्यम असते. त्या घरातून खाली उतरता येते की नाही आणि उतरल्यावर परत वर चढता येते की नाही, यावरच त्याचे औषधपाणी, बाजारहाट, देवदर्शन आणि माणसांतला वावर अवलंबून असतो. मुंबईतील वृद्धांनी गेल्या सव्वाशे वर्षांत घरे कशी बदलली, किंवा बदलण्याची गरज असूनही ती त्यांना का बदलता आली नाहीत, याचा मागोवा घेतला तर एक गोष्ट सातत्याने दिसते. या शहरातील स्थलांतरे इमारतीचे वय, कायद्याचे कलम आणि जमिनीचा भाव यांनी ठरवली. त्या इमारतीत राहणाऱ्या माणसाच्या शरीराची स्थिती हा निकष त्यांत जवळजवळ कधीच नव्हता.

तरुण मजुरासाठी बांधलेली खोली

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात प्लेगचा प्रादुर्भाव उघडकीस आला आणि पुढील काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. या साथीचे खापर सरकारने दाट वस्तीवर आणि हवा-उजेड नसलेल्या घरांवर फोडले, आणि त्यातून 1898 मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (बीआयटी), स्थापन झाले. रोगट मानलेल्या वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे आणि कामगारांसाठी आरोग्यदायी निवास उभारणे ही या मंडळाची कामे होती. वस्त्या पाडण्याचे काम झपाट्याने झाले, नवी घरे मात्र त्या वेगाने उभी राहिली नाहीत. जी उभी राहिली त्या बहुमजली चाळी आजही ‘बीआयटी चाळी’ म्हणून ओळखल्या जातात. चाळ म्हणजे एका सामाईक सज्ज्यावर किंवा आतल्या बोळावर उघडणाऱ्या एक-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांची ओळ, जिच्यात मोरी बहुधा खोलीत असते आणि शौचकूप मजल्याच्या टोकाला किंवा मागील बाजूस सामाईक असतात. आरोग्याचा विचार करून बांधलेल्या या इमारतींतही आरोग्य म्हणजे संसर्गाचा प्रतिबंध एवढाच अर्थ गृहीत धरला होता. अधू झालेल्या शरीराची सोय हा त्या विचाराचा भागच नव्हता.

गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात 1920 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) हेच सूत्र मोठ्या प्रमाणावर गिरवले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी या चार ठिकाणी या खात्याने काँक्रीटच्या 207 चाळी उभारल्या, प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, प्रत्येक मजल्यावर 20 खोल्या आणि प्रत्येक खोली सुमारे 160 चौरस फुटांची. म्हणजे एकूण सोळा हजारांहून अधिक खोल्यांपैकी तीन चतुर्थांश खोल्या जिना चढूनच गाठता येत होत्या. दहा फूट उंचीच्या मजल्याला साधारण सात इंच उंचीच्या सतरा पायऱ्या लागतात हे धरले, तर तिसऱ्या मजल्यावरील माणसाला एका फेरीत पन्नासएक पायऱ्या चढाव्या आणि तितक्याच उतराव्या लागत. पहाटेच्या पाळीला निघणाऱ्या पंचविशीतल्या कामगाराला ही संख्या जाणवण्याजोगी नव्हती, आणि ज्याच्यासाठी या खोल्या आखल्या होत्या तो रहिवासी नेमका असाच तरुण, धडधाकट आणि बहुधा एकटा पुरुष होता.

ही समजूत सरकारी अभियंत्यांपुरती मर्यादित नव्हती. गिरगावातील मुगभाट, फणसवाडी, कांदेवाडी, झावबावाडी या भागांत खासगी मालकांनी उभारलेल्या इमारतींचे लाकडी जिने अरुंद आणि उभ्या चढणीचे असत, कारण जिन्याने अडवलेली जागा भाडे देत नाही हा साधा हिशेब त्यामागे होता. 1931 च्या जनगणनेत शहरातील जवळजवळ तीन चतुर्थांश लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत असल्याचे दिसले, आणि अशा खोलीत आजारी माणसासाठी वेगळी जागा काढणे अशक्य होते. दिवसा अंथरूण गुंडाळून ठेवल्याशिवाय घरातील इतरांना वावरता येत नसे, आणि ज्याचे अंथरूण दिवसाही पसरलेले राहते तो माणूस आपण अडचण होत आहोत या जाणिवेने खचत असे.

गाव : वार्धक्याचे ठरलेले घर

शहराने वृद्धांचा विचार केला नाही याचे एक कारण असे, की वृद्धांनी शहरात राहणे अपेक्षितच नव्हते. 1921 मध्ये मुंबईची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती आणि तिच्यातील फार मोठा हिस्सा शहराबाहेर जन्मलेला होता. त्यांत एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले लोक दोन लाखांहून अधिक होते. हा कामगार गावातील जमिनीचा तुकडा, घर आणि नातीगोती सोडत नसे. बायकामुले पुष्कळदा गावीच असत, शिमग्याला आणि गणपतीला तो गावी जाई, पैसे मनिऑर्डरने पाठवी, आणि हातपाय चालेनासे झाले की कायमचा गावी परतण्याचे त्याच्या मनात असे. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली 1929 मध्ये नेमलेल्या आणि 1931 मध्ये अहवाल सादर करणाऱ्या शाही कामगार आयोगाने कामगाराचे गावाशी असलेले हे नाते हितकारक मानले आणि ते टिकवावे असा अभिप्राय दिला. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी पुढे दाखवून दिले, की गावाचा हा आधार शेतकरीपणाचा मागासलेला अवशेष नव्हता. बेकारी, संप, आजारपण आणि म्हातारपण यांना तोंड देण्यासाठी कामगारांनी जाणीवपूर्वक जपलेला तो विमा होता.

या व्यवस्थेचा आर्थिक अर्थ ध्यानात घेणे आवश्यक आहे. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा 1952 मध्ये आला आणि उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, कायदा 1972 मध्ये. त्यापूर्वी बहुसंख्य गिरणी कामगारांना निवृत्तीनंतर नियमित उत्पन्नाची हमी नव्हती. गिरणीने माणसाची उमेदीची वर्षे वापरली आणि झिजलेले शरीर सांभाळण्याचा खर्च कोकणातल्या किंवा घाटावरच्या घरावर, विशेषतः तिथल्या स्त्रियांवर, पडला. गोव्यातून आलेल्या खलाशांच्या आणि घरकामगारांच्या ‘कूड’ नावाच्या संस्थांतही हीच रीत होती. एकेका गावाच्या नावाने धोबीतलाव, माझगाव या भागांत चालणाऱ्या या सामाईक निवासांत सभासदाला पथारीपुरती आणि पेटीपुरती जागा मिळे, सायंकाळची प्रार्थना एकत्र होई. पण ही जागा जहाजावरच्या दोन नोकऱ्यांमधील मुक्कामासाठी होती, तिथे म्हातारपण काढण्याची कल्पना तिच्या रचनेत बसत नव्हती.

परतीचा हा प्रवासही आजारी माणसाला सोपा नव्हता. कोकण किनाऱ्यावरच्या अनेक बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगरली जाई आणि उतारूंना हलत्या शिडीवरून पडावात उतरावे लागे, तिथून किनारा आणि पुढे बैलगाडी किंवा पायवाट असा क्रम असे. ज्याचे गुडघे धरले आहेत किंवा ज्याला चार पावलांत धाप लागते अशा माणसाला अखेरच्या टप्प्यात डोलीतून किंवा खाटेवरून नेण्याची पाळी येई. एकदा असे गावी पोहोचल्यावर मुंबईतील मोठ्या रुग्णालयांचा संबंध तुटल्यातच जमा होता. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग जानेवारी 1998 मध्ये खुला झाला, तोवर गावाचा विमा बाळगणाऱ्या पिढीचा बराच भाग वृद्ध झाला होता किंवा निवर्तला होता.

फुप्फुसातला कापूस

शरीराची झीज हा शब्द गिरणगावाच्या, म्हणजे कापडगिरण्यांच्या परिसराच्या, संदर्भात नुसता अलंकारिक नाही. कापसाच्या गासड्या फोडून पिंजण्याचे काम जिथे चाले त्या ब्लो रूममध्ये आणि त्यापुढच्या कार्डिंग खात्यात हवेत कापसाची बारीक धूळ भरलेली असे, आणि ती वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्याने ‘बिसिनोसिस’ हा फुप्फुसाचा व्यावसायिक रोग होतो. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे हे त्याचे सुरुवातीचे लक्षण. त्या टप्प्यात धुळीपासून दूर गेल्यास त्रास कमी होतो, पण अनेक वर्षांनी श्वासनलिकांचा अडथळा कायमचा होतो आणि मग काम सुटले तरी धाप सुटत नाही. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांतील या रोगाचा अभ्यास करून तो वैद्यकीय नोंदीत आणला. अशा कामगाराचे घर तिसऱ्या मजल्यावर असेल, तर आजार त्याला पहिल्यांदा जिन्यावर गाठतो: आधी प्रत्येक मजल्यावर थांबावे लागते, मग प्रत्येक वळणावर, आणि अखेरीस खाली उतरण्याचे प्रसंगच माणूस टाळू लागतो.

1948 च्या कायद्यानुसार आलेली कर्मचारी राज्य विमा योजना मुंबईत 1954 मध्ये सुरू झाली आणि कामगाराला दवाखाना, औषधे व आजारपणाची भरपाई मिळू लागली. परंतु हे संरक्षण मुळात नोकरीशी जोडलेले होते, तर दीर्घकालीन आजाराची खरी किंमत नोकरी संपल्यावर भरावी लागते. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. तोपर्यंत अनेकांची मुले मुंबईतच शिकून मोठी झाली होती, गावातील जमिनीच्या वाटण्या होऊन ती नावापुरती उरली होती, आणि रक्तदाब-मधुमेहासारख्या आजारांना लागणारे नियमित उपचार गावाकडे मिळण्याची खात्री नव्हती. परतीची जुनी वाट अशी बंद होत गेली, आणि मुंबईच्या चाळीत म्हातारपण काढणाऱ्यांची संख्या मोठ्या प्रमाणावर वाढली.

राहण्याचा हक्क आणि हलण्याची अडचण

या वृद्धांनी त्याच चाळीत तळमजल्याची खोली का घेतली नाही, हा प्रश्न साहजिक आहे, आणि त्याचे उत्तर भाडेनियंत्रण कायद्यात सापडते. मुंबईचा 1947 चा भाडेनियंत्रण कायदा हा भाडेकरूला घरमालकाच्या मनमानीपासून वाचवणारा कायदा होता. त्याने बहुसंख्य जुन्या घरांचे भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधले आणि निवृत्त, विधवा व अल्प उत्पन्नाच्या माणसांना शहराच्या मध्यभागी राहणे शक्य केले. हे त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. पण या कायद्याने ज्या घरात माणूस होता त्या घरातच त्याचे रक्षण केले, आणि घर बदलण्याच्या वाटा मात्र अरुंद केल्या. पोटभाडेकरू ठेवणे किंवा भाडेहक्क दुसऱ्याकडे सोपवणे यावर बंधने होती, आणि पागडी घेणे, म्हणजे भाडेहक्काच्या बदल्यात एकरकमी पैसे घेणे, हा गुन्हा होता. व्यवहार होतच राहिले, पण चोरून. आणि ज्याच्याकडे रोख रक्कम नाही व कोर्टकचेरीची ताकद नाही अशा आजारी वृद्धाला तिसऱ्या मजल्यावरची खोली देऊन तळमजल्यावरची घेणे मालकाच्या मर्जीवाचून साधत नसे. पागडीच्या व्यवहाराला कायद्याने मान्यता मिळाली ती 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने, जो 31 मार्च 2000 पासून लागू झाला.

1947 च्या कायद्यातील आणखी दोन तरतुदींचा वृद्धांच्या जीवनावर खोल परिणाम झाला. सलग सहा महिने जागा सबळ कारणावाचून वापरली नाही तर मालकाला ती परत मागता येई. त्यामुळे उपचारासाठी मुलीकडे किंवा हवापालटासाठी गावी गेलेल्या वृद्धाच्या घरी खोलीचे कुलूप अधूनमधून उघडले जाईल याची काळजी वाहावी लागे. आजारपण हे सबळ कारण ठरू शकत असले, तरी ते न्यायालयात सिद्ध करण्याचे ओझे कोणाला नको असे. दुसरी तरतूद वारशाची होती: भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहत असलेल्या कुटुंबीयालाच भाडेहक्क मिळण्याची तरतूद असल्याने, एक मुलगा किंवा सून वृद्धांजवळ राहण्यास कौटुंबिक जिव्हाळ्याबरोबर एक कायदेशीर कारणही मिळाले. या तरतुदीमुळे अनेकांना शेजेशी माणूस मिळाले हे खरे. पण वृद्धाने मुलासोबत उपनगरातील सोयीच्या घरी जाण्याऐवजी खोली ‘जागती’ ठेवण्यासाठी जिन्याच्या वरच राहावे, असा दबावही तिने निर्माण केला.

जे बाहेर पडले त्यांचीही जिन्यापासून सुटका झाली नाही. 1949 मध्ये स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाने विक्रोळीचे कन्नमवार नगर, चेंबूरचे टिळक नगर, कुर्ल्याचे नेहरू नगर अशा वसाहती उभारल्या, आणि 1963 च्या मालकी सदनिकांच्या कायद्यानंतर ठाणे, डोंबिवली, मुलुंड, बोरिवली येथे ‘ओनरशिप’च्या इमारतींची रांग लागली. गिरगाव-परळच्या मराठी मध्यमवर्गाने तिथे घरे घेतली ती स्वतंत्र शौचालयासाठी आणि दार लावून घेण्याच्या सुखासाठी. या इमारती प्रामुख्याने तळमजला अधिक तीन किंवा चार मजल्यांच्या होत्या. या उंचीला लिफ्ट सक्तीची नव्हती, आणि लिफ्ट नसल्यामुळेच घर परवडत होते. पस्तिशीत कर्ज काढून तिसऱ्या मजल्यावर घर घेणारी ती पिढी आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. जुन्या इमारतीला नव्याने लिफ्ट बसवण्यासाठी जागा, परवानगी आणि सगळ्या सभासदांचा पैसा लागतो, आणि तळमजल्यावरच्या सभासदाला त्या खर्चात रस नसतो. म्हणून असे प्रस्ताव सोसायटीच्या सभांमधून वर्षानुवर्षे पुढे ढकलले जातात.

चाळीने निभावून नेलेले

इमारतीने न केलेली सोय चाळीतल्या माणसांनी केली, आणि या सोयीची नोंद इतिहासात व्हायला हवी. वरच्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडून भाजी, दूध आणि औषध वर ओढून घेणे ही गिरगाव-गिरणगावातली सर्रास रीत होती. डॉक्टर घरी येऊन तपासत. रुग्णालयात न्यायचे झाले तर मजल्यावरची चार मुले रुग्णाला लाकडी खुर्चीत बसवून, दोघे पुढे आणि दोघे मागे, वळणावळणाने खाली उतरवत. सज्जा हा सपाट आणि कठड्याचा आधार असलेला मार्ग असल्याने, जिना न झेपणाऱ्या माणसालाही शेवटच्या खोलीपर्यंत फेरी मारता येई, आणि उघड्या दारांमुळे कोणी दिवसभर दिसले नाही तर शेजाऱ्यांच्या ते तत्काळ लक्षात येई. केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला आहे. असे उत्सव आणि चौकातले कार्यक्रम वरच्या सज्ज्यावरून पाहता येत, त्यामुळे खाली न उतरणारी व्यक्तीही त्या समूहाचा भाग राही.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्या मर्यादा झाकणे योग्य नाही. सामाईक शौचकूप मजल्याच्या टोकाला आणि उकिडवे बसण्याचे असल्यामुळे संधिवाताच्या किंवा अर्धांगवायूच्या रुग्णाची रोजची कुचंबणा होई. खोलीतच भांडे ठेवावे लागे आणि ते उचलण्याचे काम बहुतेक वेळा सुनेच्या किंवा मुलीच्या वाट्याला येई. खुर्ची उचलणारी मुले नोकरीनिमित्त बदलापूर-विरारला गेली की मदतीचा हा झराही आटत जाई. शेजारधर्म हा सार्वजनिक सोयीला पर्याय नव्हता. सार्वजनिक सोय नव्हती म्हणून तो वापरावा लागत होता.

इमारतीचे वय मोजणारा कायदा

भाडी गोठल्याने मालकांनी दुरुस्ती सोडून दिली आणि जुन्या इमारती कोसळू लागल्या, तेव्हा 1969 मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. या कायद्याखाली बेट शहरातील जुन्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसवण्यात आला, म्हणून त्यांना ‘उपकरप्राप्त इमारती’ म्हणतात. त्यांची संख्या तेव्हा 19,642 होती, आणि त्यांतील 16,502 इमारती 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या होत्या. इमारतींची वर्गवारी त्यांच्या बांधणीच्या काळानुसार झाली, मोडकळीस आलेल्या तुळया व जिने मोजले गेले, धोकादायक इमारतींच्या याद्या दरवर्षी निघू लागल्या. पण त्या इमारतींत जिना न उतरू शकणारी माणसे किती आणि कोणत्या मजल्यावर राहतात याची गणना या व्यवस्थेचा भाग झाली नाही. इमारत रिकामी करण्याची नोटीस मात्र सर्वांना सारखीच लागू होई.

रिकाम्या केलेल्या इमारतींतील कुटुंबांना संक्रमण शिबिरांत, म्हणजे मूळ जागी नवी इमारत होईपर्यंतच्या तात्पुरत्या निवासात, हलवले जाई. 1977 मध्ये स्थापन झालेल्या म्हाडाकडे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाकडे, हे काम आले. ही शिबिरे प्रतीक्षानगर, गोरेगाव, मालवणी, विक्रोळी अशा ठिकाणी होती, आणि तात्पुरता म्हटलेला मुक्काम अनेक कुटुंबांच्या बाबतीत दशकांचा झाला. तरुण माणसाला या बदलात लोकलचा प्रवास वाढतो. दीर्घकालीन आजाराच्या वृद्धाच्या बाबतीत मात्र त्याची प्रकृती वर्षानुवर्षे ओळखणारा डॉक्टर, उधारीवर औषध देणारा दुकानदार, के. ई. एम. किंवा जे. जे. रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागाची ठरलेली वारी आणि हाकेला धावणारा शेजार या चारही गोष्टी एकदम सुटतात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावे लागणाऱ्या रुग्णाला तर घर आणि रुग्णालय यांतील अंतर हे उपचाराइतकेच निर्णायक असते.

लिफ्टचे शहर

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाला वाढीव चटईक्षेत्राचे, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात जास्त बांधकामाचे, प्रोत्साहन दिले, आणि गिरगाव, लालबाग, परळ येथे मनोरे उभे राहू लागले. घरात शौचालय आणि दारात लिफ्ट ही वृद्धांच्या दृष्टीने मोठी सुधारणा आहे, हे निःसंशय. वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या जिन्याचा एक अध्याय खऱ्या अर्थाने संपला. परंतु लिफ्टने जिन्याचा प्रश्न सोडवला तो वीज, देखभाल आणि मासिक खर्च यांच्या भरवशावर. तीन मजली चाळीत कष्टाने का होईना उतरता येत होते. विसाव्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली तर उतरण्याचा मार्गच उरत नाही.

याचा कडू अनुभव आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या पुनर्वसन वसाहतींत आला. प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्यांना मानखुर्द-गोवंडी परिसरातील आणि माहुल येथील सात मजली इमारतींत घरे देण्यात आली. गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख कंपाउंड, लल्लुभाई कंपाउंड यांसारख्या वसाहतींत इमारतींमधील अपुरे अंतर, हवा-उजेडाचा अभाव आणि क्षयरोग यांचा संबंध 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने पुढे आणला; म्हणजे 1898 मध्ये ज्या कारणासाठी जुन्या वस्त्या पाडल्या, तेच कारण शंभराहून अधिक वर्षांनी नव्या इमारतींत बांधून ठेवले गेले. माहुलच्या वसाहतीला लागूनच तेलशुद्धीकरणाचे व रसायनांचे कारखाने आहेत. तेथील हवा राहण्यास अयोग्य असल्याची तक्रार रहिवाशांनी न्यायालयापर्यंत नेली आणि 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना अन्यत्र घर किंवा दरमहा 15,000 रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. श्वसनविकाराच्या रुग्णाला कोणत्या हवेत नेऊन ठेवले जात आहे, हा प्रश्न स्थलांतरापूर्वी विचारला गेला नाही, म्हणून तो स्थलांतरानंतर न्यायालयात विचारावा लागला.

निष्कर्ष

वृद्धांच्या निवासाचा स्वतंत्र विचार मराठी मुलुखात नवा नाही. पुण्यातील डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह, जे आज ‘निवारा’ म्हणून परिचित आहे, एकोणिसाव्या शतकातले आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद केली, आणि 2024 मध्ये महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांकरिता लिफ्ट, चाकाच्या खुर्चीला पुरेशी रुंद दारे, न घसरणारी फरशी यांचे आदर्श निकष ठरवले. मात्र या प्रयत्नांची दोन टोके स्पष्ट दिसतात: एकीकडे निराधारांसाठी आश्रम, दुसरीकडे सधनांसाठी खास प्रकल्प. या दोहोंच्या मधला, स्वतःच्या कुटुंबात आणि स्वतःच्या वस्तीत राहू इच्छिणारा बहुसंख्य वृद्ध आजही सर्वसाधारण इमारतीतच राहतो, आणि त्या इमारतींना हे निकष लागू नाहीत.

हा वर्ग लहान नाही. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सुमारे 9.9 टक्के होते, आणि मुंबईच्याच देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीत साठीपुढील 75 टक्के व्यक्तींना कोणता ना कोणता दीर्घकालीन आजार असल्याचे आढळले. शतकभरापूर्वी शहराला आपल्या वृद्धांना गावी पाठवता येत होते. आता गावाचा तो विमा संपला आहे आणि त्याची जागा घेणारी दुसरी व्यवस्था उभी राहिलेली नाही.

म्हणून पुनर्विकासाच्या प्रत्येक करारात, क्षेत्रफळ आणि भाड्याच्या रकमेबरोबरच, चालण्यास असमर्थ असलेल्या रहिवाशांची यादी असावी. खालच्या मजल्यांच्या वाटपात त्यांना पहिला हक्क मिळावा. त्यांची तात्पुरती जागा त्यांच्या उपचाराच्या ठिकाणाजवळ असावी. आणि लिफ्टच्या देखभालीचा निधी इमारतीच्या ताब्याआधी जमा व्हावा. सोसायटीच्या सभेत बसणाऱ्या, करारावर सही करणाऱ्या आणि नियम लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही मागणी धरून ठेवली पाहिजे. मुंबईने सव्वाशे वर्षे इमारतींचे आयुष्य मोजले. त्यांत राहणाऱ्या थकलेल्या शरीरांची मोजणी आता गृहनिर्माणाच्या धोरणातच झाली पाहिजे.